चढावर तापलेली चाकं

१

धूर आधी मला दिसला आणि बोंबही मीच मारली.

"आग! नावेला आग!"

नाव अगदी ठणठणीत होती. धूर निघत होता तो तिला वाहून आणणाऱ्या ट्रेलरच्या चाकांमधून. दोन्ही चाकांमधून, अगदी सारखा. त्याला असा काही करपट वास होता की तलावाच्या धक्क्यावरची बदकं एकमेकांकडे बघत दुसऱ्या काठाला निघून गेली.

वहिनीने जीपमधून उडी मारली, चाकाच्या मधोमध बोट टेकवलं आणि "आई गं!" म्हणत ते तोंडात घातलं. मी पाण्याची बाटली घेऊन धावले, तर ती माझ्यावरच ओरडली, "पाणी नको! तापलेल्या चाकावर गार पाणी पडलं की ते आत ओढलं जातं, बेअरिंगची वाट लागते. आपोआप निवू दे."

मागून स्कूटरवरून अप्पा येत होते. अप्पा म्हणजे माझे वडील, वहिनीचे सासरे आणि आमच्या नावांच्या कारखान्याचे मालक. त्यांनी लांबूनच धूर पाहिला. जवळ येऊन चाकाला हात लावून बघणं वगैरे त्यांच्या स्वभावात नाही. लांबूनच निकाल लावायची त्यांना सवय आहे.

"तिसऱ्यांदा," ते म्हणाले. "सूनबाई, तुझा पाय ब्रेकवरून उठतच नाही. किल्ली दे."

"अप्पा, मी ब्रेक लावलाच नाही हो."

"मग चाकं काय रागाने लाल झाली? किल्ली दे."

वहिनीने किल्ली दिली. अप्पांनी तिथल्या तिथे टेम्पोवाल्या काकांना फोन लावला. उद्या सकाळी नौकाशाळेची लांबलचक आठ वल्ह्यांची नाव इथे पोचवायची होती, आमच्या कारखान्याने केलेली आजवरची सगळ्यात मोठी नाव. "तुमच्या टेम्पोला आमचा ट्रेलर जोडा आणि तुम्हीच न्या," अप्पा फोनवर म्हणाले. "आणि यापुढच्याही तुम्हीच न्या."

वहिनीचं तोंड एवढंसं झालं. तुम्हाला यात एवढं काय वाटेल? पण आमच्याकडे प्रत्येकाचं एक काम आहे. अप्पा नाव बांधतात, दादा घासूनपुसून रोगण लावतो, मी तिच्या अंगावर नाव रंगवते, आणि वहिनी ती पाण्यापर्यंत नेते. लग्न होऊन आली तेव्हा तिला साधी जीपही येत नव्हती. ट्रेलर मागे घेताना सगळं उलटं असतं. शेपूट उजवीकडे न्यायची तर स्टिअरिंग डावीकडे फिरवायचं. मोकळ्या मैदानावर दोन पिंपं ठेवून ती हे शिकली. आता ती एका दमात अख्खा ट्रेलर धक्क्यावरून पाण्यात उतरवते, तेव्हा लोक चहा पिता पिता थांबून बघतात. या घरात ते एकच काम तिने स्वतः कमावलेलं आहे, आणि तेच अप्पांनी काढून घेतलं.

ट्रेलर घरी आणण्यापुरती तिला किल्ली परत मिळाली, आणि फाटकात पुन्हा अप्पांच्या खिशात गेली. घरी आल्यावर ती रडली नाही. तिने बटाटे सोलायला घेतले. सालींबरोबर निम्मे बटाटेही गेले.

मला ते बघवेना. मी आत्याला फोन केला.

२

आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. अख्ख्या घरात अप्पा घाबरतात ते तिला एकटीला. ती विमा कंपनीत होती. जळालेली दुकानं, बुडालेली गोदामं, चोरीला गेलेले आणि शेजारच्याच खोलीत सापडलेले दागिने, यांची शहानिशा करण्यात तिचा जन्म गेला. निवृत्त झाल्यापासून तिला खोटं ऐकायला मिळत नाही, याचं तिला मनापासून दुःख आहे. त्यामुळे फोनवर माझं बोलणं पुरं व्हायच्या आतच ती रिक्षात बसली असावी.

"धाकट्या," दारात पाऊल टाकताच ती अप्पांना म्हणाली, "पोरीला शिक्षा सुनावलीस. चौकशी केलीस का?"

"अक्का, यात चौकशी कसली? गाडी ही चालवते, चाकं तापतात. सरळ आहे."

"सरळ दिसतं तिथेच मला कुठेतरी पाणी मुरल्याचा वास येतो," आत्या म्हणाली आणि खुर्चीत बसली. बसताना तिची पर्स खुर्चीला अडकवली. पर्सचा लांब पट्टा जमिनीला टेकला, आणि अप्पांचा हात आपोआप पुढे झाला. त्यांनी पट्ट्याची छान चपटी गुंडाळी केली, तिला एक आटोपशीर गाठ मारली आणि मग शांतपणे मागे टेकून बसले.

हे तुम्हाला सांगायलाच हवं. आमच्या कारखान्यात दोर जमिनीला लागलेला चालत नाही. फार वर्षांपूर्वी लोळणाऱ्या एका दोरात आईचा पाय अडकला, ती पडली आणि तिचा पाय मोडला. तेव्हापासून हा नियम आहे. कुणाचा दोर जमिनीवर दिसला की त्याला आठवडाभर बिनसाखरेचा चहा. होता होता कारखान्याचा नियम घरात शिरला. आमच्या पडद्यांच्या दोऱ्या, इस्त्रीची वायर, माझ्या रंगकामाच्या एप्रनचे बंद, सगळं गुंडाळून गाठवलेलं असतं. आई सध्या मावशीकडे गेली आहे. ती म्हणते, तिथे गेल्यावर पहिले दोन दिवस मोकळ्या दोऱ्या बघून बरं वाटतं.

"सूनबाई, इकडे ये," आत्या म्हणाली. "पहिल्यापासून सांग. आणि बटाटे खाली ठेव, त्यांनी काही केलेलं नाही."

वहिनीने सांगितलं. या मोसमात सुरुवातीच्या सगळ्या खेपा बिनघोर झाल्या. मग एकदा तलावावर पोचल्यावर चाकं गरम लागली. पुढच्या खेपेला वास आला. ट्रेलर मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये नेला, त्यांनी चाकं उघडून बघितली आणि ठीक आहे म्हणाले. आज सरळ धूर.

"तापतात कुठे? जाताना की येताना?"

"जाताना. तलाव टेकडीच्या माथ्यावर आहे ना, रस्ता टेकडीला वळसे घालत चढतो. वर पोचेपर्यंत तापलेली असतात. येताना कधीच नाही, उलट उतरता उतरता गार होतात."

आत्याने अप्पांकडे बघितलं. "धाकट्या, चढ चढताना ब्रेक कोण मारतं रे?"

अप्पा म्हणाले, "हिला सवय असेल."

"बरं. सूनबाई, त्या चांगल्या खेपा आणि ही पहिली गरम खेप, यांच्या मधे काय बदललं? नवीन काही बसवलं? काही वाजायला लागलं?"

वहिनी विचारात पडली. "वाजायला नाही लागलं... उलट थांबलं. आधी मागून एक बारीक खरखर यायची, गतिरोधकावरून गेलं की हमखास. मला वाटलं, मिस्त्रींनी नीट केलं असेल. मी मनातल्या मनात त्यांचे आभारही मानले."

आत्याचे डोळे चमकले. ती माझ्याकडे वळली. "खरखर बंद झाली आणि चाकं तापायला लागली. चल गं, मिस्त्रीकडे. आभार त्यांनी कमावलेत का बघू."

३

मिस्त्री कुणाच्या तरी जीपखाली आडवे झाले होते. बाहेर फक्त पाय होते. आत्याने पायांनाच विचारलं, "खरखर तुम्ही बंद केलीत का?"

"कसली खरखर?" पायांनी विचारलं. मग सगळे मिस्त्री बाहेर आले. "मावशी, मी कशालाही हात लावलेला नाही. चाकं उघडली, बेअरिंग बघितली, ब्रेकचे लायनर बघितले, नवीन ग्रीस भरलं. मग हायवेवर लांबपर्यंत चक्कर मारून आलो. चाकं गार. अशी गार की गाल टेकवावा."

"हायवे वळणाचा आहे?"

"छे! फूटपट्टी ठेवून आखलाय."

आत्या स्टुलावर बसली. "मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. माझा विमा घरांचा आणि दुकानांचा. मला समजावून सांगा. एक चाक तापलं तर काय असतं, आणि दोन्ही तापली तर काय?"

मिस्त्रींना असा श्रोता रोज कुठे मिळणार? ते खुलले. एकच चाक तापलं तर दोष त्या चाकात. बेअरिंग फार आवळलेलं किंवा तिथला ब्रेक अडकलेला. दोन्ही चाकं सारखी तापली तर दोष चाकांत शोधू नये, पुढे शोधावा, जिथून दोघांनाही ब्रेकचा हुकूम जातो.

"आणि हुकूम देतं कोण? सूनबाईचा पाय?"

"थेट नाही. जीप हळू झाली की मागचा ट्रेलर स्वतःच्या वजनाने जीपवर रेटतो. त्या रेट्याने जोडाचा दांडा आत सरकतो आणि ट्रेलरचे ब्रेक लागतात. आपोआप."

"म्हणजे उतारावर लागतात."

"उतारावर, थांबताना."

"आणि चढावर?"

हातातलं फडकं मिस्त्रींनी तीनदा पुसून झालेल्या पान्यावर पुन्हा फिरवलं. "चढावर ट्रेलर मागे लोंबतो. रेटणार कसा? चढावर हे ब्रेक लागूच शकत नाहीत. वहिनींनी पाय ब्रेकवर ठेवून नाचवला तरी एवढे तापायचे नाहीत."

मी टाळी वाजवली. "म्हणजे वहिनी सुटली!"

"अजून नाही," आत्या म्हणाली. "तुझ्या बापाला कारण हवं असतं, सुटका नाही. मिस्त्री, मग ट्रेलरचे ब्रेक लावायचा दुसरा मार्ग कोणता?"

"हँडब्रेक आहे. उभा करून ठेवायला. पण तो सुटलेलाच होता, मी डोळ्यांनी पाहिला. आणि त्याच हँडब्रेकला सुरक्षेची तार जोडलेली असते. तिचं दुसरं टोक जीपला डाव्या बाजूला अडकवतात. चालता चालता ट्रेलर जोडातून निसटला तर तार ताणली जाते, हँडब्रेक ओढते आणि ट्रेलर जागीच थांबतो. पण ट्रेलर काही निसटला नव्हता."

"नव्हता," आत्याने मान हलवली. "आणखी काही विचित्र दिसलं?"

मिस्त्रींनी आवाज खाली आणला. "एक दिसलं. उजव्या चाकाचं ग्रीस दुधाळ झालं होतं. ग्रीस पांढरं पडतं ते आत पाणी गेल्यावर. म्हणजे तापलेल्या चाकावर कुणीतरी गार पाणी ओतलंय."

मी आत्याकडे बघितलं. मला बाटली ओतू न देणारी वहिनी असलं काही मेली तरी करणार नव्हती.

"म्हणजे," आत्या हळूच म्हणाली, "तो ट्रेलर आणखी कुणीतरी चालवलाय. त्याच्याकडूनही चाकं तापली. आणि त्या प्राण्याने तोंडाला कुलूप लावलंय."

४

परतताना आमच्या फाटकापाशीच टेम्पोवाले काका सापडले. ट्रेलरच्या पुढच्या टोकाशी उकिडवे बसून ते काहीतरी न्याहाळत होते. आम्हाला बघून असे दचकले की टोपी खाली पडली.

"काय हो, कामाला आत्तापासूनच सुरुवात?" आत्याने विचारलं.

"नाही, म्हणजे... उद्या न्यायचाय, तर जोड बसतो का बघत होतो."

"आणि याआधी कितीदा बघितलात?"

काकांनी टोपी उचलून झटकली. "एकदा. मागे. पण हात नाही लावला! मला असाच ट्रेलर करून घ्यायचाय, म्हणून माप डोळ्यांनी घेत होतो." मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "खरं सांगू का ताई? मला ते काम नकोच आहे. त्या वळणांवर एवढी लांब नाव? मला रिकाम्या टेम्पोतसुद्धा गरगरतं. पण अप्पांना नाही म्हणायचं कसं?"

"ट्रेलर कसा वाटला तुम्हाला?"

"सुरेख! अप्पांचा हात सगळीकडे दिसतो. कुठे काही लोंबत नाही."

आत्या फाटक ढकलून आत निघाली. मला त्यात काही वाटलं नाही. आमच्या घरात कुठेच काही लोंबत नाही.

आत गेलो तर दादा नावेला रोगणाचा शेवटचा हात देत होता. आत्या त्याच्यामागे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "थोरल्या, चाकावर पाणी ओतलंस तेव्हा कसा आवाज आला रे? चर्रर्र असा?"

दादाच्या हातातला ब्रश रोगणाच्या डब्यात पडला.

"तुला... तुला कुणी सांगितलं?"

"ग्रीसने."

मग सगळं बाहेर आलं. मधे एकदा वहिनीला ताप होता, तेव्हा दुरुस्तीची एक जुनी होडी आणायला दादा ट्रेलर घेऊन वर गेला होता. पोचला तेव्हा चाकं भट्टीसारखी. त्याने घाबरून बाटली ओतली, वाफ निघाली, आणि घरी येऊन चिडीचूप बसला. अप्पा आपल्याला म्हणतील, ब्रश सोडून तुला काही हातात धरता येत नाही, म्हणून.

दारात वहिनी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"म्हणजे तुमच्याकडूनही तापली," ती दादाला म्हणाली. "आणि मी बोलणी खात होते, तेव्हा तुम्ही ताटातली भाजी चिवडत होता."

"अगं, मी सांगणारच होतो..."

"कधी? निवृत्त झाल्यावर?"

दादाची खरडपट्टी निघत होती आणि मला आसुरी आनंद होत होता. पण गंमत पुढेच आहे. मी धावत जाऊन अप्पांना बातमी दिली. मला वाटलं, आता वहिनीवरचा आळ गेला. अप्पांनी शांतपणे रंधा खाली ठेवला.

"म्हणजे दोघंही ब्रेकवर पाय ठेवून चालवतात," ते म्हणाले. "एकमेकांचं बघून शिकले असणार. उद्या टेम्पोच जाईल."

५

संध्याकाळचा चहा झाला तो असा की कपांचा आवाज तेवढा येत होता. वहिनी कुणाकडे बघत नव्हती, दादा वहिनीकडे बघायला धजत नव्हता, आणि अप्पा उद्याच्या नावेला बांधायचे पट्टे मोजल्यासारखे चाचपत होते. चेहरा मात्र पडलेला होता. सुनेवर रागावून त्यांनाही बरं वाटत नव्हतं, हे मला दिसत होतं. पण बोललेला शब्द मागे घ्यायचा म्हणजे त्यांच्या अंगावर काटा येतो.

आत्या चष्मा कपाळावर ढकलून डोळे मिटून बसली होती. तिचा चष्मा गोफाला बांधलेला असतो. गोफाचं एक टोक चष्म्याच्या दांडीला आणि दुसरं डाव्या खांद्यावर शालीला पिनेने टोचलेलं. मधला भाग लोंबतो आणि हमखास चहात बुडतो. आजही बुडला होता.

"चार गोष्टी आहेत," ती डोळे न उघडता पुटपुटली. "दोन्ही चाकं सारखी तापतात. चढावर तापतात, उतारावर नाही. सरळ हायवेवर अजिबात नाही. आणि कुठलीशी खरखर बंद झाली. कुणीतरी ब्रेक लावतंय. पाय नाही, हात नाही, रेटा नाही..."

"आत्या, बिस्किट," मी म्हटलं. मी तिच्या उजव्या हाताला बसले होते.

तिने डोळे उघडले, चष्मा नाकावर घेतला आणि माझ्याकडे मान वळवली. त्याबरोबर चष्मा टुणकन उडाला, एका कानावरून निसटला आणि तिच्या गालावर तिरका लटकला.

"अगं बाई! हे काय?"

तिने पुन्हा सरळ बघितलं. चष्मा नीट बसला. डावीकडे वळली, चष्मा जागच्या जागी. उजवीकडे वळली, पुन्हा झटका आणि पुन्हा चष्मा गालावर. तिने गोफ चाचपला. मधला लोंबणारा भाग नाहीसा झाला होता. त्याच्या जागी खांद्यापाशी एक सुबक, चपटी, घट्ट गुंडाळी होती.

आत्याने ती गुंडाळी दोन बोटांत धरली, तसं दादाने बिस्किट चावायचं थांबवलं. मग ती अगदी गोड आवाजात म्हणाली, "धाकट्या, हे तू केलंस?"

"चहात बुडत होता तो," अप्पा म्हणाले. "तू डोळे मिटले होतेस, म्हटलं झोपमोड नको. सरळ बसलीस की बरोबर मापात आहे."

"सरळ बसले की," आत्या म्हणाली. "सूनबाई, टेकडीचा रस्ता चढताना डोंगर कुठल्या हाताला असतो?"

"उजव्या," वहिनी म्हणाली. "सगळी मोठी वळणं उजवीकडेच आहेत..." आणि ती अर्ध्यात थांबली. तिने आत्याच्या गालावरच्या चष्म्याकडे बघितलं आणि ताडकन उभी राहिली.

"सगळे अंगणात चला," आत्या म्हणाली. "धाकट्या, तू सगळ्यात पुढे. आणि सूनबाईची किल्ली घेऊन ये."

६

उजेड अजून भरपूर होता. वहिनीने जीपला ट्रेलर जोडला, सुरक्षेची तार जीपच्या डाव्या कडीत अडकवली आणि स्टिअरिंगवर बसली. आत्याने अप्पांना ट्रेलरच्या पुढच्या टोकाशी उभं केलं.

"हा हँडब्रेकचा दांडा. याच्यावरून नजर हलवायची नाही. सूनबाई, सरळ जा. मुंगीच्या चालीने."

जीप सरळ निघाली. अप्पा शेजारून चालत राहिले. दांडा पडून होता, निवांत.

"आता डावीकडे."

दांडा पडून.

"आता उजवीकडे वळव. पूर्ण."

जीपचं डावं अंग ट्रेलरपासून पुढे सरकलं. त्याबरोबर सुरक्षेची तार हळूहळू वर उठली, ताठ झाली, आणि कुणीही हात न लावता हँडब्रेकचा दांडा दोन बोटं उचलला गेला. ट्रेलरच्या चाकांतून घासल्याचा बारीक आवाज यायला लागला.

"सरळ कर."

तार ढिली पडली. दांडा परत खाली बसला, जणू काही झालंच नाही. मागेपुढे करत तीनदा बघितलं. तिन्ही वेळा तेच झालं.

"पूर्ण ओढला गेला असता तर दांडा अडकून बसला असता आणि मिस्त्रींना दिसला असता," आत्या म्हणाली. "हा वळणापुरता उठतो आणि वळण संपलं की बसतो. टेकडीवर उजवी वळणं संपतच नाहीत, म्हणून वर जाईपर्यंत चाकं घासत राहतात. उतरताना तीच वळणं डावी होतात, म्हणून गार. हायवे सरळ, म्हणून गार. गॅरेजमध्ये ट्रेलर सुटा, तार मोकळी, म्हणून मिस्त्रींना काही सापडत नाही. तार एवढी आखूड कंपनीने केलेली नाही. पूर्वी ती लांब होती, गतिरोधकावर रस्त्याला घासायची. सूनबाईला ऐकू यायची ती खरखर."

मी खाली वाकले. जोडाच्या पोटाशी, काळ्या चिकटपट्टीने झाकलेली, एक सुबक, चपटी, घट्ट गुंडाळी होती. मी तिच्या शेजारून रोज गेले होते. दादा गेला होता, टेम्पोवाले काका तिच्यासमोर उकिडवे बसले होते. आमच्या घरात असली गुंडाळी म्हणजे सगळं जागच्या जागी असल्याची खूण, तिच्यावर संशय घेणार कोण?

अप्पा खालीच बसले. ती गुंडाळी त्यांनी बोटांनी चाचपली. आपला हात त्यांना ओळखू येणारच.

"ट्रेलर सरळ उभा होता तेव्हा," ते म्हणाले. "मला बरोबर मापात वाटली. ती तार रस्त्याला घासून झिजत होती. एखाद दिवस तुटली असती आणि नेमका त्याच दिवशी ट्रेलर निसटला असता तर? पुढे ही पोर बसलेली असते. मी... मी विसरूनच गेलो गं. गाठ मारल्याचं काय लक्षात ठेवायचं?"

वहिनी जीपमधून उतरली होती. तिचे डोळे भरून आले होते, आणि त्याच वेळी ओठांच्या कोपऱ्यात हसूही येत होतं, आणि यातलं आधी काय होऊ द्यावं हे तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं.

"माझ्यासाठी बांधली होतीत?" ती म्हणाली.

"मग कुणासाठी?" अप्पा जवळजवळ ओरडलेच. मग आवाज उतरला. "चूक माझी होती. बोल तुला लावला. सगळ्यांसमोर लावला, म्हणून सगळ्यांसमोर सांगतो, चुकलो."

आमच्या घरात हा शब्द अप्पांच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला होता. दादाने तर आधाराला ट्रेलर धरला.

वहिनीने डोळे पुसले. "अप्पा, एक अट आहे. आठवडाभर बिनसाखरेचा चहा."

"दोर जमिनीला लागला तर ती शिक्षा आहे," अप्पा म्हणाले. "माझा दोर तर वर होता!"

"नियम बदललाय," आत्या म्हणाली. "आणि थोरल्यालाही तोच चहा. ग्रीसच्या वतीने."

७

रात्र पडायच्या आत मिस्त्री आले. तारेची गुंडाळी सोडली, वहिनीने जीप दोन्हीकडे पूर्ण वळवून धरली, आणि तेवढ्याला पुरेल इतकी ढील ठेवून मधला भाग एका रबरी कडीत अडकवला. आता ती जमिनीला घासत नव्हती आणि वळणावर ताणलीही जात नव्हती. पण सरळ उभ्या ट्रेलरला तिचा चांगला हातभर झोळ लोंबत होता. अप्पा त्याच्याकडे बघत होते आणि त्यांची बोटं वळवळत होती. शेवटी त्यांनी दोन्ही हात खिशात घातले. टेम्पोवाल्या काकांना फोन करून नको म्हणून सांगितलं, तर पलीकडून असा सुस्कारा आला की तो आम्हालाही ऐकू गेला.

सकाळी आठ वल्ह्यांची नाव ट्रेलरवर चढली. वहिनी स्टिअरिंगवर, शेजारी आत्या, मागे मी आणि दादा. अप्पा नेहमीसारखे स्कूटरवर निघाले नाहीत. ते आमच्यात येऊन कोंबून बसले आणि पूर्ण चढभर मागच्या काचेतून तारेकडे बघत राहिले. प्रत्येक उजव्या वळणाला त्यांचा श्वास थांबायचा, वळण संपलं की सुटायचा. त्यांच्यामुळे मलाही धाप लागली.

माथ्यावर नौकाशाळेची मुलं, मास्तर, सगळे वाट बघत होते. बदकंही काठाला परत आली होती. वहिनीने जीप थांबवली, इंजिन बंद केलं, पण उतरली नाही. आरशातून मागे बघत राहिली.

अप्पा उतरले. ट्रेलरपाशी गेले. एरवी लांबून निकाल देणारा हा माणूस गुडघ्यावर बसला आणि आजारी लेकराचं कपाळ बघावं तसा हाताचा पालथा पंजा त्याने चाकाच्या मधोमध टेकवला. मग उठून पलीकडे गेले आणि दुसऱ्या चाकालाही तसाच टेकवला. तिथे त्यांनी हात जरा जास्तच वेळ ठेवला.

"गार आहे," ते म्हणाले. "दोन्ही."

मग ते धक्क्याकडे वळले, लोकांना हाताने बाजूला केलं आणि मोठ्याने म्हणाले, "सरका, सरका. आमच्या सूनबाई ट्रेलर मागे घेतायत. बघण्यासारखं असतं."